कवठ, बिब्बा, हिंगणबेट: रानातली फळं ओळखायची कशी?

हिवाळा सरत आला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फळांचे फोटो फिरायला लागतात. तळहातावर ठेवलेलं एखादं काळपट, सुरकुतलेलं फळ आणि खाली प्रश्न: "हे कशाचं आहे? खाता येतं का?" बघता बघता उत्तरांची रांग लागते. कुणी म्हणतं साखरेवर चालतं, कुणी म्हणतं केस गळायचे थांबतात. झाडाचं नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं. फोटोत पान नसतं, फांदी नसते, फळ कापलेलंही नसतं. एवढ्यावरून जाणकार माणूससुद्धा खात्रीनं काही सांगू शकत नाही.

फळाची बाहेरची साल माणसाला सहज फसवते. ओळख पटते ती फळाच्या आतल्या रचनेवरून आणि झाडाच्या पानावरून. पारंपरिक उपयोगाचंही तसंच आहे. "अमुक फळ तमुक आजारावर" असं एका ओळीत सांगितलेलं ज्ञान अर्धवट असतं. आजी-आजोबांच्या पिढीला फळाचा कोणता भाग घ्यायचा, कच्चा की पिकलेला, आणि त्यावर आधी काय करायचं, हे सगळं माहीत असे. यातलं एक जरी गळालं तर उपयोगाचा अपाय होतो.

सगळ्यांच्या ओळखीच्या जोडीपासून सुरुवात करू. कवठ आणि बेल. दोन्ही चेंडूएवढी, दोन्हींची कवटी कठीण, दोन्ही एकाच कुळातली, म्हणजे लिंबू-संत्र्याच्या नात्यातली. बाजारात टोपलीत शेजारी ठेवली तर शहरात वाढलेली लेकरं हमखास गोंधळतात. कवठाची कवटी राखाडी-पांढरट आणि खरखरीत असते, हात फिरवला तर भुसा लागल्यासारखं वाटतं. बेलफळ गुळगुळीत, आधी हिरवं आणि पिकल्यावर पिवळसर. पानं बघितली तर शंकाच उरत नाही. बेलाचं पान त्रिदळ, ते महादेवाला वाहतो म्हणून सगळ्यांना माहीत आहे. कवठाच्या एका देठावर बारीक बारीक पाच-सात पर्णिका असतात आणि पान चुरगळलं की बडीशेपेसारखा वास येतो.

फोडल्यावर आणखी फरक दिसतो. कवठात तपकिरी, आंबटगोड गर आणि त्यात विखुरलेल्या बारीक बिया. बेलफळात केशरी गर, आणि त्याच्या बिया पारदर्शक चिकट डिंकात बुडालेल्या. हा डिंक पूर्वी चिकटवायला वापरत. कवठ पिकलंय का हे बघायची जुनी रीत म्हणजे ते वीतभर उंचीवरून फरशीवर सोडायचं. कच्चं असेल तर उसळतं, पिकलं असेल तर धप्पकन जागेवर बसतं. गर मऊ झाला की तो आघात शोषून घेतो, बाकी काही नाही. महाशिवरात्रीच्या सुमाराला कवठ बाजारात येतं आणि गूळ, तिखट, मीठ, जिरं घालून त्याची चटणी होते. ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांनी यंदा खावी, एवढंच म्हणतो.

बेलाच्या बाबतीत कच्चं-पिकलं हा भेद फार महत्त्वाचा आहे. जुलाब लागले तर कच्च्या बेलफळाचा वाळवलेला गर देत, कारण त्यात तुरट द्रव्यं जास्त असतात. पिकलेल्या बेलाचं सरबत उलट पोट साफ करायला घेत. एकाच फळाचे दोन उलटे उपयोग. "बेलफळ पोटासाठी चांगलं" एवढं ऐकून जुलाबात पिकलेलं बेल खाणाऱ्याची काय गत होईल, ते वेगळं सांगायला नको.

अनोळखी फळ हातात आलं तर काय बघायचं? आधी ते फांदीला कसं लागलंय ते: एकेकटं, घोसात, जोडीनं, की थेट खोडावर. मग फळ मांसल आहे की वाळून तडकणारं. मांसल असेल तर आडवं कापून आत एकच कोय आहे की पुष्कळ बिया, हे बघायचं. वाळकं असेल तर बीला पंख आहे, कापूस आहे, की काहीच नाही. फळाच्या बुडाशी किंवा टोकाला फुलाच्या हिरव्या पेल्याचा, म्हणजे निदलपुंजाचा, काही भाग उरलाय का तेही बघावं. पेरू आणि डाळिंबाच्या टोकाला असतो तो मुकुट म्हणजे हाच. शेवटी पान तोडून चीक येतो का आणि पानं समोरासमोर आहेत की आलटून-पालटून, हे तपासावं. एवढ्या गोष्टी फोटोत आल्या, सोबत आकार कळावा म्हणून एखादं नाणं ठेवलं, तर परभणीच्या कृषी विद्यापीठातले किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागातले लोक तुम्हाला नाव सांगू शकतील. अज्ञात फळाची चव घेऊन परीक्षा करायची नाही. आणि चीक काढताना हाताला लागू द्यायचा नाही, का ते आता बिब्ब्याकडे गेल्यावर कळेल.

बिब्बा हे माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात विलक्षण फळ. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या सागवानी रानात, तसंच इतरत्र डोंगरउतारांवर याची झाडं आहेत. पानं भलीमोठी, हातभर म्हणावीत अशी, फांदीच्या टोकाशी गर्दी करून आलेली, खालून फिकट. हिवाळ्यात फळं धरतात. वर केशरी रंगाचा मांसल भाग आणि त्याच्या टोकाला चकचकीत काळी, चपटी बी. काजूचं बोंड आणि काजू यांची जशी जोडी असते, तशीच ही जोडी आहे. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत. केशरी भाग म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. काळी बी दिसते ते खरं फळ, आणि खरी बी तिच्याही पोटात असते.

म्हणजे एका बिब्ब्यात तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि तिघींचा स्वभाव निराळा. केशरी भाग वाळवून किंवा भाजून खातात, त्याला बिब्ब्याची फुलं म्हणतात आणि बाजारात त्याच्या माळाही दिसतात. सगळ्यात आतली बी म्हणजे गोडंबी. डिंकाच्या आणि बाळंतिणीच्या लाडवात ती पडते, चवीला बदाम-चारोळीच्या मधली. आणि या दोन खाण्याजोग्या भागांच्या मध्ये जे काळं कवच आहे, त्यात जहाल तेल भरलेलं असतं.

हे तेल कातडीला लागलं की लगेच काही होत नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. एक-दोन दिवसांनी खाज, लाली, फोड, पाणी. आपल्याकडे त्याला बिब्बा उतणं म्हणतात. तेलातली फिनॉल वर्गातली द्रव्यं कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजून त्यांच्यावर हल्ला करतं. पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा निर्धास्त राहू नये, कारण शरीर पहिल्या वेळी फक्त ओळख करून घेतं. झाडाचं लाकूड जाळलं तर त्याच्या धुरानंही त्रास होतो. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून फोड येतात, ते याच नात्यामुळे.

एवढं जहाल फळ लोकांनी टाकून मात्र दिलं नाही. हवेत काळं पडणारं हे तेल कापडावरून धुतलं जात नाही, म्हणून परीट त्यानं कपड्यांवर खुणा करत. चुना लावला की खूण आणखी पक्की बसे. पायाच्या भेगांत बिब्बा तापवून चेपत. लिंबू-मिरचीसोबत दारावर आणि नव्या गाडीला बिब्बा लटकतो तो आजही. आयुर्वेदात याला भल्लातक म्हणतात आणि औषधात घालण्याआधी शोधन, म्हणजे शुद्धीकरण, सांगितलंय. विटेच्या भुकटीत घासून त्याचं तेल शोषून घेणं ही त्यातली एक पद्धत. ज्यांनी औषध सांगितलं, त्यांनी आधी विटेची भुकटीही सांगितली, हे "बिब्बा खा, सांधे सुटतील" असा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. घरी बिब्ब्याचे प्रयोग करू नयेत. खायचीच असेल तर बाजारातली स्वच्छ गोडंबी आणावी. ती फोडून काढणाऱ्या बायकांचे हात पोळलेले असतात, म्हणून तिचा भाव करताना जरा सांभाळून.

आता फेस येणारी फळं. रिठा सगळ्यांना माहीत आहे, पण दुकानातला. झाडावरचा रिठा ओळखायचा तर आपल्या दख्खनच्या रिठ्याला दोन-तीन फळं बुडाशी जोडलेली असतात, वर बारीक तांबूस लव असते. हिमालयाकडचा रिठा वेगळ्या जातीचा. हिंगणबेटाचं तसं नाही, ते आता फार थोड्यांना ओळखू येतं. काळ्या जमिनीच्या बांधावर आणि माळावर वाढणारं हे काटेरी झाड. काटे लांब, सरळ, हिरवे. पानाची खूण अशी की प्रत्येक पान दोन पर्णिकांचं असतं, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे जोडपान लक्षात ठेवावं. फळ अंडाकृती, पिकल्यावर भुरकट पिवळं, वरची साल कडक आणि ठिसूळ, आत चिकट, कडूगोड गर आणि मध्ये लाकडासारखी घट्ट आठळी. हा गर पाण्यात चोळला की फेस येतो. साबण महाग होता तेव्हा लोकरीचे आणि रेशमी कपडे यानं धूत. आठळीतल्या बीचं तेल निघतं. संस्कृत काव्यात आश्रमातले लोक जखमेवर इंगुदीचं तेल लावतात, ती इंगुदी म्हणजे हेच झाड असं मानलं जातं. इंदूर जिल्ह्यातल्या गौतमपुऱ्यात तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हे फळ पोकळ करून, त्यात फटाक्याची दारू भरून, दोन गावचे लोक एकमेकांवर फेकतात. फळाची साल आणि आठळी किती टणक असेल याचा अंदाज त्यावरून यावा.

फेस कशामुळे? दोन्हींत सॅपोनिन नावाची द्रव्यं आहेत. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. कपड्यावरच्या तेलकट मळाला एक टोक चिकटतं, दुसरं पाण्याला, आणि मळ पाण्यासोबत निघून जातो. साबणही हेच करतो, पण साबण अल्कधर्मी असतो आणि रेशीम हे प्रथिन असल्यानं अल्कानं त्याचा पोत बिघडतो. रिठ्याचं पाणी सौम्य असतं, म्हणून जुन्या बाया पैठणी रिठ्यानं धुवायच्या आणि सोनार अजूनही दागिने रिठ्यात उजळतात. याच गुणामुळे हे पाणी डोळ्यांत गेलं तर झोंबतं आणि पोटात गेलं तर उलटी होते. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांनाही सोडत नाही. फेसाळणारी फळं कुटून डोहात टाकून मासे धरायची रीत त्यामुळेच पडली.

निवळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पावसाळ्यात गढूळ पाणी हे आपल्याकडे नेहमीचंच आहे. निवळी हे पानझडी रानातलं मध्यम उंचीचं झाड. पानं समोरासमोर, बुडापासून तीन ते पाच ठळक शिरा निघालेली. फळ बोराएवढं, पिकल्यावर काळं, आत बहुधा एकच गोल, चपटसर बी. ही बी माठाच्या आतल्या बाजूला घासायची किंवा सहाणेवर उगाळून ती पेस्ट पाण्यात ढवळायची. थोड्या वेळानं गाळ तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. सुश्रुतसंहितेत पाणी निवळायच्या साधनांमध्ये कतक म्हणून ती आली आहे.

गढूळ पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की आपल्या वजनानं ते खाली बसत नाहीत. शिवाय सगळ्यांवर एकाच प्रकारचा विद्युतभार असल्यानं ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसेंदिवस तरंगत राहतात. निवळीच्या बीतली लांब साखळीची द्रव्यं कणांना धरून एकमेकांशी जोडतात. गुठळ्या जड होतात आणि बसतात. तुरटीही कण असेच एकत्र आणते, शेवग्याच्या बियाही. पण नितळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. गाळासोबत बरेच जंतू खाली जातात, सगळे जात नाहीत. निवळून झालं की पाणी उकळायला हवंच. आणखी एक सावधगिरी: निवळीचा सख्खा भाऊ म्हणजे काजरा, ज्याच्या बियांत जीवघेणं स्ट्रिक्निन असतं. त्याचं फळ मोठं, नारिंगी, संत्र्याच्या आकाराचं, आणि आत चकतीसारख्या लवदार बिया असतात. काजरा मुख्यतः कोकणाकडचा, आपल्याकडे विरळ. तरी पानं सारखी असल्यानं पानावरून निवळी ठरवू नये, फळ बघूनच ठरवावी.

वाळक्या शेंगांची ओळख त्या मानानं सोपी. मुरुडशेंग दोरीसारखी पिळलेली असते, चुकायचा प्रश्नच नाही. पोटात मुरडा आला की ती उगाळून द्यायची रीत होती, बाळगुटीतही असते. मात्र पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, हा डॉक्टरांचा सल्ला आता गुटीपेक्षा वरचढ मानायला हवा. बाहव्याची शेंग काठीसारखी, काळी, हातभर लांब, आत आडवे पडदे आणि त्यांना चिकटलेला डांबरासारखा मगज. तो मगज सारक. मेडशिंगीची शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली. वावळाचं फळ म्हणजे मध्ये बी असलेली कागदी चकती, उन्हाळ्याच्या तोंडी झाडाखाली सडा पडतो आणि पोरं त्यातली बी काढून खातात.

कुड्याशी मात्र जरा थांबावं लागतं. काळा कुडा आणि पांढरा कुडा, दोघांनाही शेंगा जोडीनं लागतात, दोघांच्याही बियांना कापसाचा झुपका असतो, दोघांतूनही पांढरा चीक निघतो. काळ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाशी एकमेकींना जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. आवेसाठी नावाजलेली साल आणि कडू इंद्रजव, म्हणजे बिया, पांढऱ्याचे. काळ्याचे इंद्रजव गोडे. दुकानात भेसळ होते ती इथेच, म्हणून साल किंवा बी घेताना चव घेऊन बघणारे वैद्य जुन्या काळी असत.

भोकराचं नाव नांदेड जिल्ह्यात एका तालुक्यालाच आहे. कच्च्या भोकराचं लोणचं होतं, आणि पिकल्यावर त्याचा चिकट गर पोरं पतंग चिकटवायला वापरतात. त्याची धाकटी बहीण गोंदण. फळ लहान, नारिंगी, गोड, पानं अरुंद. भोकराचं पान रुंद आणि खरबरीत, आणि फळाच्या बुडाशी बशीसारखा निदलपुंज टिकून असतो.

शहरातल्या बागांत आणि महाविद्यालयांच्या आवारात जी अजब फळं दिसतात, त्यातली बरीचशी परदेशी आहेत. लांब दोरीला टांगलेली, दुधीसारखी जड फळं म्हणजे गदावृक्ष, मूळचा आफ्रिकेचा. खोडावरच फुलं आणि तोफगोळ्यासारखी फळं येणारा कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. ज्याच्या कवचाचा कमंडलू करतात असं सांगतात ते झाडही उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं. लांब देठावर लोंबणारं, मखमली कवचाचं, आत आंबट पांढरा भुरभुरीत गर असलेलं गोरखचिंचेचं फळ आफ्रिकेचं, पण ते झाड अरब व्यापाऱ्यांच्या काळापासून आपल्याकडे असल्याचं मानतात. गदावृक्षाचं कच्चं फळ विषारी असतं. मुतखड्यावरचा "आपला प्राचीन उपाय" म्हणून कुणी ते विकत असेल, तर झाड इथलंच नाही एवढं त्याला सांगावं आणि पुढे चालावं.

खाऊ नये अशी फळं गावात घराजवळच असतात, रानात जायची गरज नाही. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी पोरं खेळतात. त्या बीत हृदयाची गती बिघडवणारी द्रव्यं असतात आणि ती जीव घेऊ शकतात. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या, बिया चवीला दाण्यासारख्या लागतात, म्हणून शाळेतली लेकरं त्या खातात आणि उलट्या-जुलाबानं दवाखान्यात भरती होतात. गेळफळ पिकल्यावर छोट्या पेरूसारखं पिवळं दिसतं, टोकाला पेरूसारखाच मुकुट असतो. पण गेळ्याच्या फांद्यांवर जाड काटे असतात आणि पेरूला काटा नसतो. आयुर्वेदात त्याला मदनफळ म्हणतात, आणि त्याचं मुख्य काम उलटी करवणं हेच आहे. बीडच्या ज्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बियाही या यादीत घ्याव्या लागतात. उवांसाठी त्यांची पूड डोक्याला लावतात, ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. डोकं धुताना पाणी कपाळावरून ओघळतं, त्यामुळे हा धोका कायमच असतो.

लेकरानं अनोळखी फळ खाल्लं असेल तर मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. तोंडात उरलेला भाग पुसून काढा आणि 108 ला फोन करा. किती वाजता खाल्लं, साधारण किती खाल्लं, हे कागदावर लिहून घ्या. उरलेलं फळ, बी आणि त्या झाडाची पानासकट एक डहाळी पिशवीत घालून सोबत न्या. नुसतं "कसलं तरी रानफळ खाल्लं" एवढं ऐकून डॉक्टरला उपचार ठरवता येत नाही, कारण बिट्टी असेल तर हृदयाचा आलेख सतत पाहावा लागतो आणि चंद्रज्योत असेल तर आधी शरीरातलं पाणी सांभाळावं लागतं.